काकूंच्या खिडकीत गेलेली वायर

भावाला परदेशात मुलगी झाली तेव्हा शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी ब्रॉडबँड नवीनच आलं होतं. आलं होतं म्हणजे टेलिफोनच्या तारेतून मोडेमपर्यंत पोचलं होतं. पुढं यायला तयार नव्हतं. मी बाळाची एकुलती एक आत्या. कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचा मान माझा, आणि स्पीकरवरून का होईना, तो मी सोडणार नव्हते. बारसं रविवारी होतं. शनिवारी व्हिडिओ कॉल करून बघितला, तर तिकडं नुसतं ‘कु’ पोचलं आणि पडद्यावरचा भाऊ तोंड उघडून तसाच थांबला.

भावानं माझ्या मोबाईलवर फोन केला. “त्याच तारंवर फोन जोडलं असलं की नेट अडकतंय. घरातलं सगळं फोन काढ, मग बघ.”

हॉलमधला काढला, माडीवरचा काढला. ढिम्म फरक नाही.

“आनि कुठं जोडलाय का?”

“न्हाय रे बाबा, सगळं काढलं की!” मी खेकसले.

शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली, “आन काकूंचा?”

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, बरीच वाट बघून आम्हाला फोन मिळाला, त्याच दिवशी वडिलांनी एक वायर बोळावरून समोरच्या काकूंच्या खिडकीत नेऊन तिथं दुसरा फोन जोडला होता. काकूंचा मुलगा फौजेत. त्याचा फोन आमच्याच नंबरवर यायचा आणि त्या आपल्या घरात बसून बोलायच्या. इतकी वर्षं झाली, की तो वेगळा फोन आहे हेच आम्ही विसरलो होतो. पण रविवार म्हणजे त्याच्या फोनचा दिवस. कुठल्या तोंडानं सांगायचं? मी काकूंच्या दारात घुटमळले.

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत काकूंनी स्वतः फोनची पिन उपसली. “त्यो परत करंल की. पोरीच्या कानात नाव एकदाच पडतंय.”

रविवारी चित्र हलू लागलं. काकू नवं लुगडं नेसून माझ्या मागं बसल्या. भावानं बाळाचा कान स्पीकरशी आणला. मी ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं आणि ते अख्खं पोचलं. रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला तिकडं बायका होत्या; इकडं आई पडद्यावरून नजर काढेना, म्हणून काकू एकट्या. त्यांनी सगळ्यांच्या वाटणीचे घातले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्या धपाट्यांनी नव्हे. इतकं मोठं देणं इतक्या सहज देणारं माणूस समोरच्या दारात राहतं, हे माझं भाग्यच.

बारसं आटोपल्याबरोबर मी धावत जाऊन हॉलमधला फोन जोडला. लगेच वाजला. काकूंचा मुलगा, घाबराघुबरा. “सकाळपास्नं कोन उचलंना! आई बरी हाय न्हवं?”

“चांगली हाय. माझी पाठ मोडली तिनं.”

रिसीव्हर काकूंच्या हातात दिला. त्यांनी त्याची खुशाली विचारायच्या आधी सांगितलं, “आरं, आपल्या घरात पोरगी आली बघ.”