अकरा वाळुंज आणि एक

शिनोलीच्या भागुजीचं शिक्षण सातवीपर्यंत. पण झाडाचं नाव विचारलं, की तो आधी गावातलं सांगतो आणि मग पुस्तकातलं. ओतूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यानं एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी आणलेल्या डहाळ्या जुन्या वर्तमानपत्रांत दाबायच्या, सुकल्या की जाड कागदावर दोऱ्यानं टाचायच्या, खाली नावाची चिठ्ठी डकवायची. एकदा चहा देता देता त्यानं एका पाहुण्या प्राध्यापकाच्या हातातल्या फांदीचं कुळ सांगितलं, तर त्या माणसाचा चहा तसाच राहिला. ही गोष्ट भागुजी अजून सांगतो, आणि दर वेळी तो चहा आणखी गार होतो.

गेल्या पौषात गावच्या ओढ्याचं काम निघालं. वाळुंजाची मुळं काठ धरून ठेवतात म्हणून वाळुंज राखायचे आणि बाकीचं तोडायचं, असं ग्रामसभेत ठरलं. पंचायतीचा सदस्य गोरख चुन्याची बादली घेऊन फिरला. अकरा वाळुंजांना त्यानं पांढरा पट्टा मारला आणि वळणावरचं झाड कोरं सोडलं. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

त्या झाडाला सगळं गाव म्हातारीचं झाड म्हणायचं. थंडीत त्याची बोंडं फुटून कापूस उडायचा. तो वाळवणावर बसतो म्हणून भागुजीची बायको अंजना दरसाल त्या झाडाचा उद्धार करायची.

कोरं खोड पाहिलं आणि भागुजीनं गोरखला तिथंच थांबवलं. ते अकराही वाळुंज त्यानं आणि त्याच्या वडलांनी एकाच नर झाडाच्या फांद्या खुपसून लावलेले, म्हणजे सगळे नर. अख्ख्या ओढ्यावर बी धरणारी मादी ती वळणावरची एकटीच.

"गोरख, त्यो बी वाळुंजच हाय."

"नाना, वाळुंजाला पिवळं तुरं येत्यात, माश्या घोंगावत्यात. ह्याला कदी आलं?"

भागुजी चिडला नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं वाळुंजाच्या नर आणि मादीच्या अशाच दोन डहाळ्या दोन वेगळ्या जातींच्या म्हणून वेगवेगळ्या फायलींत घातल्या होत्या. बाई तेव्हा हसल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही पुन्हा काढून त्याच्यासमोर ठेवल्या होत्या, एवढंच.

त्यानंही दोन झाडांच्या दोन डहाळ्या मोडल्या आणि पानं उलटी करून दाखवली. दोन्हींची पाठ पांढुरकी.

"नाक तर माजं आन मेव्हण्याचं बी सारखंच हाय," गोरख म्हणाला. "म्हणून आमी एका घरचं झालो व्हय?"

मग भागुजीनं बाभळीच्या काट्यानं एक हिरवं बोंड उकललं. आत कापसात चार बारीक बिया. "बघ. वाळुंजाचं पुस्तकातलं नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. चार बियांचं म्हणूनच त्याला हे नाव. कवा पाच-सा बी निघत्यात, पण नाव चारावरच पडलंय."

"मग ह्या अकरांची बोंडं दाखवा की."

ती कुठून दाखवणार? नराला बोंड धरतच नाही. भागुजीनं गोरखच्या मळ्याकडे बोट केलं.

"तुज्या मळ्यात पपई हाय ना?"

"हाय."

"एखादीला नुसती फुलंच लोंबत्यात, फळ धरत न्हाई. तिला काय म्हणतोस?"

"नर पपई."

"पपईच म्हणतोस ना? का जांभूळ म्हणतोस?"

गोरखनं बादली खाली ठेवली. एकदा अकरा झाडांकडे पाहिलं, एकदा वळणाकडे.

"म्हंजे ही बाई हाय?"

"बाई हाय. ही गेली तर ह्या वढ्याला वाळुंजाचं बी न्हाई."

"आन गाव तिला म्हातारी म्हणतंय," म्हणत गोरखनं ब्रश चुन्यात बुडवला. वळणावरच्या खोडाला त्यानं पट्टा मारला, थोडा थांबला आणि त्याच्याखाली आणखी एक मारला.

"दोन कशाला रं?"

"बाकीच्यांपासनं निराळी वळखू याया नगं?"

सगळी एकच आहेत म्हणून सकाळपासून घसा कोरडा केलेल्या भागुजीनं मादीची डहाळी सदऱ्याच्या खिशात नीट ठेवली आणि अंजनाला वाळवणावर धोतर टाकायला सांगायला तो घराकडे वळला.