दगडावरचं आतोबांचं नाव

मंडळी, आज इटलीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या एका दफनभूमीत गेले होते. थडग्यांच्या रांगांपलीकडे दहन झालेल्या भारतीय जवानांची नावं कोरलेली भिंत आहे. तिथे माझ्या आतोबांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं नाव सापडलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी कॉन्व्हेंटात शिकायचे. दिवाळीला चिखलीला घरी आले, तेव्हा आत्याने ट्रंकेतून एक जुनं सरकारी पत्र काढलं.

"तुले इंग्रजी येते ना वं? माहे बाबा म्हनत, तुहे आतोबा बेपत्ता आहेत. तू वाचून सांग मले."

पत्रात लिहिलं होतं, लढाईत मारले गेले. मी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शोध चालू आहे."

"हाव, बाबाही हेच सांगत." तिने पत्राची पुन्हा घडी घातली.

त्यानंतरही दर दसऱ्याला ती त्यांच्यासाठी आपट्याचं एक पान भिंतीतल्या देवळीत ठेवायची. गेली तेव्हा आम्ही तिला हिरवं लुगडं नेसवून सवाष्ण म्हणून पाठवलं.

आज त्या नावावर बोट ठेवून मी आतोबांना सांगितलं, "तिने शेवटपर्यंत वाट पाहिली. माझ्यामुळे."

त्या दिवशी तुम्ही तिला काय वाचून दाखवलं असतं?