थंडी न पडलेलं वर्ष

लग्न होऊन मी बावड्याला आले, तेव्हा घरचा भाजीचा मळा थोरल्या जाऊबाईंच्या हातात होता. मी त्यांना अक्का म्हणायची. कोणत्या वाफ्याला पाणी कधी द्यायचं, हे त्या नुसतं बघून सांगायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला मात्र त्यांना शिंका सुरू व्हायच्या. बांधावरचं गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरलं, की डोळे लाल, मानेला खाज. तोंडाला पदर बांधून त्या खुरपत राहायच्या. म्हणायच्या, "थंडी पडू दे. गवत वाळलं की बरं वाटतंय." दरवर्षी तसंच व्हायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका वर्षी दिवाळी सरली तरी घरात पंखा लागत होता. मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला. वाळायला आलेल्या गवताला पुन्हा पालवी फुटली, फुलं आली. हरभऱ्याला घाटे धरेनात. अक्कांच्या हातांची कातडी जाड होऊन चिरली. धाप लागू लागली.

इंदापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "या गवताची ऍलर्जी आहे तुम्हाला. मळ्यात जाऊ नका."

"किती दिस?"

"गवत आहे तोवर."

घरी आल्यावर अक्कांनी चपला काढल्या. मग मला म्हणाल्या, "त्यांला काय ठावं? पडंल की थंडी."

मी आणि अक्कांचे यजमान, भाऊजी, दोघांनी बांधांवरचं सगळं गवत उपटून काढलं. महिन्याभरात गवत पुन्हा उभं राहिलं. शेजारच्या पडीक रानाला तर कुणी हातच लावला नव्हता. थंडी पौषात चार दिवस आली आणि गेली.

एका सकाळी अक्का न सांगता मळ्यात गेल्या. मी पोचले तेव्हा त्या वाफ्यात बसल्या होत्या. छाती भात्यासारखी हलत होती. हातातली मेथी माझ्यापुढं धरून तुटक तुटक म्हणाल्या, "वास येतोय का गं? मला कायच कळंना."

संक्रांतीनंतर भाऊजींनी अक्कांना बारामतीला त्यांच्या भावाकडे नेऊन ठेवलं. तिथं त्यांचा श्वास सुधारला. मळा माझ्याकडे आला, पण त्यांच्यासारखा तो मला कधीच जमला नाही.

पुढच्या दिवाळीला त्या चार दिवस राहायला म्हणून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी परत निघाल्या. एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या, "वांगी उपटून टाक आता. म्हातारी झाल्यात. तितं कोथिंबीर कर."

"व्हय अक्का," मी म्हणाले.