नफिसाआपाचं मेडिकल

नफिसाआपाच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या पुरुषांना फार डोकेदुखी असायची. अमरावतीत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. माझं ब्लाउज शिवायचं, तिचं औषधांचं. माणूस ठणठणीत चालत यायचा, काउंटरवर बाई बघून मान खाली घालायचा आणि डोकेदुखीची गोळी मागायचा. आपा गोळी काढायचीच नाही. "डोकं दुखून राहिलं का कंडोम पायजे? सरळ बोला भाऊ. मी फार्मसी शिकली, लाजणं नाई शिकली." बरेच जण पळून जायचे. जो थांबायचा आणि वर काळी पिशवी मागायचा, त्याच्यावर ती आणखी भडकायची, "कावून? चोरीचा माल हाय का?"

गेल्या वर्षी ती दुकान विकून अकोल्याला लेकीकडे गेली. मोहल्ल्याला हायसं वाटलं असेल. मला नाही. मापं द्यायला आलेल्या बायका पडद्याआड जे सांगत, ते ऐकून माझंही डोकं फिरायचं, पण माझ्या तोंडात टाचण्या असायच्या. आपाच्या तोंडात काहीच नसायचं.

सारिका त्या बायकांपैकीच एक. लागोपाठ दोन सिझेरियन, अंगात रक्त नाही. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी नवऱ्यासमोर बजावलं होतं. मूल बंद करायच्या ऑपरेशनला सासूची ना होती. नवरा गजानन बडनेऱ्याला रेल्वेत.

"मी त्याईले मेडिकलमंदी धाडते, मंगलताई," सारिका म्हणाली, "अन् ते दर वेळी आपाले पाहून पळते, अन् दुसऱ्या दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन येते. तुमीच सांगा न आपाले."

पुढच्या वेळी गजानन आला, तेव्हा आपानं दुकान रिकामं होईपर्यंत त्याला बसवून ठेवलं. मग भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू आला. "आधी तारीख पाह्य. दातानं फाडू नको. टोक चिमटीत धरून चढव, हवा राहू देऊ नको. सुरुवातीपासून घाल, शेवटी नाई. खोबरेल तेल लावशील तर रब्बर सडते. झालं की लगेच कडा धरून बाहेर काढ अन् फेकून दे. उन्हात ठेवू नको. अन् दर वेळी, समजलं? आज हो, उद्या नाई, हे चालत नाई. फाटलं तर तीन दिवसांच्या आत मायाजवळ ये, गोळी असते. जितक्या लवकर येशील तितकं बरं."

"हो आपा, हो आपा," करत गजाननानं पाकीट खिशात कोंबलं आणि तो सटकला.

मे महिन्यात ते फाटलं. त्यानं आपाला सांगितलं नाही, सारिकालाही नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर सासूला नातू दिसायला लागला. ती सुनेला डॉक्टरकडे जाऊ देईना. पाचव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. मूल गेलं. रक्ताच्या बाटल्या चढवून डॉक्टरांनी सारिकाला कसंबसं वाचवलं.

आम्ही दोघी वॉर्डात गेलो. सारिका पांढरीफटक पडली होती. आपानं थेट गजाननाला विचारलं, "कुठं ठेवलं होतं पाकीट?"

"टिनाच्या फटीत," तो पुटपुटला.

"छताच्या टिनाखाली? मेच्या उन्हात? त्या टिनाले हात लावला तर फोड येते, अन् तू रब्बर ठेवलं? घरात कपाट नोतं?"

"कपाटाची चावी आईजवळ असते."

दोन लेकरांचा बाप! आईला पाकीट दिसेल म्हणून या माणसानं बायकोचा जीव टिनाखाली भाजत ठेवला होता. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला, आणि आजही वाटते.

सासू खाटेशेजारीच बसली होती. "देवानं वाचोलं बाप्पा," ती म्हणाली. "पोरीचं नशीब."

"देवाले मधात आनू नका, काकू." आपाचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. तिनं पर्समधून नवं पाकीट काढलं आणि गजाननाकडे न बघता सारिकाच्या उशाशी ठेवलं. "हे तुयं. बरी झाली की पुढचं तूच येऊन घेऊन जाय. अन् याच्याशिवाय त्याले जवळ येऊ देऊ नको."

सारिकाच्या अंगात त्राण नव्हतं. तिनं पाकीट मुठीत धरलं आणि दुसरा हात सासूपुढे केला.

"आई, कपाटाची चावी द्या."

सासूनं मुलाकडे पाहिलं. आपा दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली, आणि चावी सारिकाच्या हातात पडेपर्यंत हलली नाही.