उष्टी हळद आणि रेडिएटर

पळसदरीच्या अलीकडेच गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी हिटर पूर्ण सोडला. इंजिनची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. भर उन्हात मागच्या बाया ओरडल्या. ओरडा म्हटलं. माझा जीव त्या काट्यात अडकलेला.

सकाळी भावाला हळद लागली होती. त्याची उष्टी हळद खालापूरहून कोंडाण्याला नवरीकडे न्यायची, ती पोचल्याशिवाय तिची हळद सुरू होणार नव्हती. वाटी आत्याच्या मांडीवर. मी विधवा, म्हणून मी वाटीला हात लावायचा नाही, गाडी तेवढी हाकायची. सख्ख्या भावाची हळद माझ्या! सकाळपासून डोकं नुसतं तडतडत होतं.

शेवटी बॉनेटमधून वाफ आली आणि मी गाडी कडेला घेतली. रेडिएटरच्या जाळीतून पाण्याची धार लागली होती. झाकण लगेच उघडलं तर तोंड भाजायचं, म्हणजे थांबणं आलं. ते मला जमत नाही. रस्त्यावर येरझाऱ्या घालत मी भावाला फोन लावला. गाडीची देखभाल त्याच्याकडे. कूलंट लग्नानंतर भरू म्हणत बोअरचं पाणी ओतत राहिला, गंजानं जाळी खाल्ली.

"आता ये इथं आणि बघ!"

"अगं ताई, हळद लागल्यावर मला उंबरा ओलांडू देतील का? मूठभर हळद टाक त्यात. बारीक भोक बुजतं."

"कुठली हळद? गाडीत तुझीच आहे!"

"मग तीच टाक. ती बिचारी कधीची पाटावर बसून आहे गं."

आत्यानं वाटी पदराखाली घेतली. "नाय गं बाय! आणि तू तर हातच लावू नको."

"मग तूच ओत."

"मला काय कळतंय त्यातलं?"

वाफ बसली तशी मी वाटी ओढूनच घेतली. फडक्यानं झाकण काढलं, बाटलीतल्या पाण्यात हळद कालवून ओतली, वरून पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. वाटीत चमचाभर उरली. पुढं सगळा रस्ता आत्या माझ्याशी बोलली नाही, आणि मी चढ आला की काटा बघत होते.

कोंडाण्याला मांडव ताटकळलेला. आत्यानं वाटी पाटाजवळ ठेवली आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "हिनं हात लावलाय हळदीला." माझे कान तापले. मी गाडीकडे वळले.

"ओ ताई, चालला कुठं?" नवरी पाटावरून ओरडली. "आला होता त्यांचा फोन. माझ्याआधी रेडिएटरला हळद लावलीत ना? आता मला कोण लावणार?"

तिनं गाल पुढे केला. मी आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाटी उचलली, तिच्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि मग मला रडू आवरेना.