कढईवरचा नारळ

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये रेडिओच्या आतल्या प्लेटा तयार व्हायच्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. प्लेटेच्या भोकांतून बारीक बारीक भाग ओवायचे, ती उलटी करायची आणि तापलेल्या आयर्ननं एकेका तारेला शिशाचा डाख द्यायचा. कामाला आम्ही सगळ्या बायकाच. मी सगळ्यांत जुनी आणि तोंडानं फटकळ, म्हणून मालकांनी मला बाकीच्यांवर नेमलेलं. माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ बसायची. तिला मीच कामाला लावलं होतं.

तिचा नवरा फौजेत, सरहद्दीवर. सासूबाई कडेगावला, उसाच्या रानात. इथं काम होतं म्हणून जाऊ माझ्याकडे राहत होती आणि तिची लेक साताऱ्यातल्या शाळेत जात होती. सासूबाईंनी बजावलंच होतं, "काम सुटलं की मायलेकींनी गावाकडं यायचं. पोरीला शिकवून काय करायचं हाय?" त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. बाहेर एवढी तोंडाळ मी, पण माझीसुद्धा नाही.

अन् मालकांनी कढई आणली. खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण आम्ही कढईच म्हणायचो. त्यात शिसं वितळून पाण्यासारखं पातळ व्हायचं. प्लेट वरून नुसती टेकवली की सगळे डाख एका दमात! मालकांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाले, "पुण्याचे साहेब बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर सगळं काम कढईवर. मग एवढ्या बायका लागणार नाहीत. नाही पडलं, तर कढई परत जाईल."

आठवडाभर मी त्या कढईला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मालकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, की कढईजवळ पाण्याचा थेंब नको. साहेब यायचे त्या दिवशी सकाळीच जाऊ हात धुऊन आली आणि तिच्या बांगडीवरचा थेंब आत पडला. फाटकन् आवाज झाला, शिसं उडालं आणि तिच्या मनगटाला चिकटलं. तिनं तोंडात पदर कोंबला, पण ओरडली नाही.

थोड्या वेळानं मालकांचे वडील इस्लामपूरहून आले, पूजेला. विहिरीवरचं इंजिन असो की ट्रॅक्टर, नव्या यंत्राला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी यंत्रावर घालायचं, ही त्यांची रीत. कढई तापलेली होती. तेवढ्यात फाटकाशी मोटार वाजली आणि मालक साहेबांना आणायला पळाले.

म्हाताऱ्यानं उंबऱ्याच्या दगडावर नारळ फोडला, पाणी सांडू न देता दोन्ही वाट्या धरल्या आणि तो सरळ कढईकडे निघाला. मी उठायला गेले, तर टेबलाखालून कुणीतरी पदर ओढला.

जाऊ होती. पोळलेल्या हातानंच तिनं पदर धरला होता.

"आक्का, बसा," ती पुटपुटली.

तिच्या डोळ्यांत सगळं होतं. कढई बिघडली की साहेब परत जातील, काम राहील, पोरीची शाळा राहील. अहो, मला काय कढई हवी होती? नुसतं बसायचं होतं. पण म्हातारा वाकला. त्याचं तोंड कढईच्या अगदी वर आलं.

मी हिसडा दिला. टर्रकन् पदर फाटला. "आवं आजोबा, थांबा!" म्हणत मी त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. वाट्या खाली पडल्या, पाणी फरशीवर सांडलं.

"देवाच्या नारळाला आडवी येतीस व्हय गं?" म्हातारा ओरडला. दारात मालक आणि साहेब उभे. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेबांना डाख पसंत पडले. बायकांना नोटीस मिळाली. मालकांनी मला आत बोलावलं आणि हात जोडले. "कढईवर एकीलाच ठेवता येईल. तुम्हीच राहा. तुम्ही नसता तर आज बाबा..."

मी भांडले. जावेला हाताला धरून त्यांच्यापुढे उभी केली. "मला काढा, हिला ठेवा!" मालक नकाराची मान हलवत राहिले. शेवटी जाऊच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. चला."

घरी आल्यावर माझी चडफड चालली होती. मालकावर, सासूवर, त्या म्हाताऱ्यावर, सगळ्या जगावर. ती मात्र कपड्यांच्या घड्या घालत होती.

एसटी स्टँडवर पोहोचवायला गेले. पोरगी खिडकीशी बसली, दप्तर पोटाशी घट्ट धरून. सुट्टीला गावी चाललोय, एवढंच तिला सांगितलं होतं. मला राहवेना. म्हटलं, "अगं, म्हाताऱ्याचं तोंड जळालं असतं गं."

"व्हय की," ती म्हणाली. मनगटावरचा डाग तिनं पदरानं झाकून घेतला. "मला काय ठावं न्हवतं व्हय, आक्का? तरीबी मी धरला हुता पदर."

गाडी सुटली. पोरगी ओरडून विचारत होती, "काकी, सुट्टी संपली की येऊ न्हवं?"

मी "व्हय" म्हटलं.