बिघडलेली प्लेट

प्लेट खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोर कितीही मोठा डॉक्टर उभा असला तरी सावकाश म्हणायचं, "उगवू द्या की जरा." आमच्या नगरच्या हॉस्पिटलातल्या लॅबच्या काकांची ही रीत होती. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. त्याच्या संथपणाचा आधी राग येतो आणि पुढे त्याच्यावाचून अडतं.

ऑपरेशनच्या जखमेत पू झाला की आम्ही सिस्टर तो कापसाच्या काडीवर घेऊन खाली पाठवायचो. काका तो प्लेटवर पसरून उबेत ठेवत. जंतू वाढले की त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवत. ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडेल, ते औषध चालणार. जिच्या कडेपर्यंत जंतू दाटीने येतील, "त्या औषधाला हे भीक घालत न्हाईत," असं काका म्हणत. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात आणि आमचे फोन दुसऱ्या तासाला सुरू होत. "ताई, पेरल्या पेरल्या पीक कंचं त्ये कसं सांगू?" एवढं बोलून ते फोन ठेवत.

काकांचं सोनईहून रोज एसटीने येणं-जाणं. कुणाशी हात मिळवायचे नाहीत, लांबूनच नमस्कार. वॉर्डात कुणी पेढे वाटले तर तीनदा हात धुऊन मग एक पेढा. आम्ही हसायचो. "हसा. आपल्या हातावर काय काय नांदतं ते मला ठाव हाय," असं ते म्हणायचे आणि चौथ्यांदा हात धुवायला जायचे.

तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. सिझेरियन झालेली तिसगावची एक मुलगी वॉर्डात होती. आठव्या दिवशी तिचे टाके उसवले, ताप चढला, दोन अँटिबायोटिक बदलून झाली तरी उतरेना. बाळ तिच्या आईच्या मांडीवर असायचं. मुलगी मान वळवून त्याच्याकडे बघत पडून राहायची.

वॉर्डच्या डॉक्टर सरांनी काडी पाठवायला सांगितलं. मी ड्रेसिंगचा ट्रे ओढला, जखम बीटाडीनने स्वच्छ पुसली आणि मग काडी फिरवली. हाताला लागलेली सवय, दुसरं काही नाही. पण आधी काडी, मग बीटाडीन, हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही माहीत असतं. ते औषध जंतू मारण्यासाठीच असतं, काडीला लागलं की प्लेटवर काही उगवत नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा काडी खाली पोचली होती. मी पुढच्या पेशंटच्या ड्रेसिंगला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी लॅबला फोन लावला. "काही उगवलं का?" पलीकडून "न्हाई, पण सर..." एवढंच ऐकून त्यांनी फोन ठेवला. "जंतू नाहीत. ताप दुसऱ्या कशाचा तरी असेल. दुपारी टाके घालून जखम बंद करून टाकू," असं ते म्हणाले. आत जंतू जिवंत असताना वरून जखम शिवायची म्हणजे काय, ते मला कळत होतं.

पाच मिनिटांत काका जिना चढून वर आले. हातात ती काडी होती. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, दुर्बिणीखाली काचेवर जंतू दिसत्यात, प्लेटीत उगवत न्हाईत. बीटाडीन आधी लावलं हुतं का?"

मी म्हणाले, "नाही."

आदल्याच महिन्यात एका सिस्टरला अशाच चुकीवरून घरी बसवलं होतं. ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. काकांनी काडीच्या तपकिरी टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि थेट सरांसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, माझ्याकडनं प्लेट बिघडली. रिपोर्ट धरू नका. टाके घालू नका. नवीन नमुना पायजे."

सर भर पॅसेजमध्ये ओरडले. दोन दिवस वाया घालवलेत, पोरीला काही झालं तर कोण जबाबदार, या वयात साधी प्लेट सांभाळता येत नाही. पेशंटचे नातेवाईक बघत होते. काका हात मागे बांधून ऐकत राहिले. मी चार पावलांवर होते.

नवा नमुना घेताना ते माझ्या शेजारी उभे राहिले. "आदी सलाईननं धुवा. आता आतल्या कडंचं घ्या. बीटाडीन मागनं." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखी मेल्यासारखं झालं.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ताप एकशे चारवर गेला. मुलीचं ब्लडप्रेशर घसरू लागलं, ती बाळाला ओळखेना. काका दर दोन तासांनी वर येऊन तिचा चार्ट वाचून जात. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लेट खिडकीत धरली. आम्ही जे इंजेक्शन देत होतो, त्या टिकलीला जंतू चिकटून वाढले होते. फक्त दोन टिकल्यांभोवती गोल होता. त्यातलं एक औषध तासाभरात सुरू झालं. दोन दिवसांनी ताप उतरला आणि तिसऱ्या आठवड्यात मुलगी चालत घरी गेली.

काकांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. मी धीर करून लॅबमध्ये गेले. "काका, तुम्ही माझ्यासाठी..." एवढंच बोलू शकले.

"तुमच्यासाठी न्हाई केलं," ते म्हणाले. "तुमी परत न्हाईच म्हनला असता. वाद घालण्यात दुपार गेली असती, अन् तिकडं टाके पडले असते." मग त्यांनी हात धुवायला घेतले. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही, आणि माझं काम सुखाने चालू राहिलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत ते गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी सोनईला गेले. काकूंनी मला ओळखलं, जवळ बसवलं. "तुमच्या हॉस्पिटलचं लई सांगायचे. एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागली हुती," त्या म्हणाल्या. "एका बाळंतिणीची प्लेट बिघडली हुती म्हनं त्यांच्याकडनं. पिशवीत मला मेमो गावला, तवा इचारलं. म्या लई बोलले त्यांना. म्हनलं, कुणाच्या लेकीचा जीव घेतला असता तुमी. निसतं ऐकून घेतलं."

मला राहवलं नाही. तिथेच, सगळ्यांच्या देखत, मी काकूंना खरं काय ते सांगितलं. काडी, बीटाडीन, माझं "नाही", सगळं.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मग माझ्यापाशी तरी बोलायचं हुतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस जेवायला वाढलं न्हवतं म्या त्यांना."